कळ सोसावी की सांगावी?

दाढ भरून माणूस घरी येतो. संध्याकाळपर्यंत भूल उतरते, ओठाचा जडपणा जातो, रात्री झोपही बरी लागते. दुसऱ्या दिवशी माठातल्या पाण्याचा पहिला घोट घेतला, की त्याच दाढेतून सणक निघते ती थेट कानशिलापर्यंत. दोन-तीन सेकंदांत ती जाते, पण माणूस धास्तावतो. कीड काढून झाली, खड्डा बुजवला, पैसेही मोजले. मग आता हे दुखणं कशाचं?

घरात दोन सल्ले मिळतात. आजी म्हणते, ‘नवं नवं आहे, सोस थोडं.’ मुलगी म्हणते, ‘सोसायचं कशाला? डॉक्टरांना फोन करा.’ दोघीही मायेपोटीच बोलतात आणि दोघींच्याही मागे एकेक जुनी विचारधारा उभी असते. देहाचं दुःख निमूट सोसण्यात माणसाचा कस लागतो, असं एक सांगते. दुःखाचं कारण शोधून ते दूर करावं, असं दुसरी सांगते. दर्शनकारांनी, संतांनी आणि वैद्यांनी या प्रश्नावर शतकानुशतकं विचार केला आहे. त्यांचं म्हणणं एका साध्या दाढेवर तपासून पाहिलं, तर ते अधिक स्पष्ट होतं.

आधी ती सणक येते कुठून, ते पाहायला हवं. दाताच्या सर्वांत बाहेरच्या कठीण आवरणाला, म्हणजे इनॅमलला, संवेदना नसते. त्याच्या आत डेन्टिनचा थर असतो आणि तो चाळणीसारखा सच्छिद्र असतो. त्यातून हजारो अतिसूक्ष्म नलिका आत जातात: एका चौरस मिलिमीटरमध्ये बाहेरच्या बाजूला सुमारे २०,००० आणि नसेजवळ सुमारे ४५,०००. या नलिकांमध्ये द्रव असतो. गार पाणी लागलं की तो द्रव हलतो आणि त्या हालचालीने आतल्या मज्जातंतूंची टोकं जागी होतात. स्वीडनचे दंतशास्त्रज्ञ मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात प्रयोगांच्या आधारे मांडलेली ही उपपत्ती आज सर्वाधिक मान्य आहे. कीड खोल गेलेली असेल तर कोरणंही खोल जातं, आणि नसेजवळच्या नलिका संख्येने जास्त तशा रुंदही असतात. म्हणून खोल भरलेली दाढ अधिक दिवस कुरकुरते. दात साफ करून घेतल्यावरही असंच होतं. वर्षानुवर्षं साचलेल्या थराखाली झाकलेला मुळाचा भाग उघडा पडतो आणि हवेचा झोतही झोंबतो.

बहुतेकदा ही कळ काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत ओसरते. नस आतून स्वतःभोवती नवा थर रचते, पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट मज्जातंतूंना हळूहळू शांत करते. अशा वेळी ‘सोस थोडं’ हा सल्ला शास्त्राला धरूनच असतो.

पण त्याच दाढेत वेगळं काही घडलेलं असू शकतं. सिमेंट भरून झालं की डॉक्टर दातांमध्ये निळा कागद धरून ‘चावा’ म्हणतात. जिथे दाब जास्त पडतो तिथे निळा ठिपका उमटतो आणि तेवढं घासून काढतात. मात्र त्या वेळी अर्धा जबडा बधिर असतो, रुग्ण नेहमीसारखा चावत नाही आणि एखादी उंच जागा राहून जाते. ती केसाच्या जाडीपेक्षाही कमी असू शकते. भूल उतरल्यावर प्रत्येक घासाला तीच दाढ आधी टेकते आणि मुळाभोवतीचे तंतू ठेचले जातात. हे दुखणं कितीही धीराने सोसलं, तरी त्या धीराचा दाढेला उपयोग नाही. दोन मिनिटं घासण्याचं काम असतं, पण रुग्णाने ‘चावताना दुखतं’ एवढं सांगायला हवं. आणि पाण्याचा घोट संपल्यावरही ठणका मिनिटभर रेंगाळत असेल, रात्री आपोआप जाग आणत असेल, गरम चहानेही उठत असेल, तर नस गंभीरपणे सुजल्याची ती खूण असते. तिथे गप्प राहणं महागात पडतं.

म्हणजे एकाच दाढेतल्या तीन दुखण्यांपैकी एक सोसण्याचं आहे आणि दोन सांगण्याची. नीतीचा प्रश्न इथून सुरू होतो.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात, की इंद्रियांचा विषयांशी संयोग झाला की शीत-उष्ण, सुख-दुःख उत्पन्न होतात. ती येतात आणि जातात, टिकत नाहीत. ती सहन कर. ज्ञानेश्वरांनी या ठिकाणी एकेक इंद्रिय घेऊन ते समजावलं आहे: कानाला स्तुती आणि निंदा, त्वचेला मृदू आणि कठीण, डोळ्याला सुरूप आणि कुरूप. शीतोष्ण सहन करण्याच्या या उपदेशाचा आधार घेऊन पिढ्यान्‌पिढ्या माणसं दुखणी सोसत आली. पण इथे सहन करण्याला एक कारण जोडलेलं आहे. सहन कर, कारण ते जाणारं आहे. दंतवैद्याची कसोटीही हीच असते. थंड काढून घेतल्यावर कळ जाते का? जात असेल तर धीर धरा. जात नसेल तर ते दुखणं येण्या-जाण्यातलं राहिलं नाही, आत ठाण मांडून बसलं. दोन्हींचं क्षेत्र निराळं आहे; गीता आत्म्याच्या स्थैर्याबद्दल बोलते आणि डॉक्टर नसेच्या सुजेबद्दल. तरीही गीतेतलं सहन करणं डोळे मिटून करायचं नाही, हे त्या कारणावरून कळतं.

याहून कडक भूमिकाही आहे आणि तिला बगल देता येणार नाही. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘विवेकचूडामणी’त तितिक्षेची व्याख्या येते: सगळी दुःखं, त्यांचा प्रतिकार न करता, चिंता आणि विलाप न करता सोसणं. प्रतिकार न करता! म्हणजे डॉक्टरकडे जाणंही बाद. पण ही व्याख्या कोणासाठी केली आहे, ते पाहायला हवं. साधकाच्या सहा गुणांपैकी हा एक. ज्याने मोक्षाखेरीज सगळ्याची आस सोडली, त्याने स्वतःवर घालून घेतलेलं हे व्रत आहे. व्रत स्वतःसाठी असतं, दुसऱ्यावर लादण्यासाठी नसतं. सासूने सुनेला, मालकाने मजुराला किंवा डॉक्टरने रुग्णाला ‘सोस’ म्हणताना या श्लोकाचा आडोसा घ्यावा, असा अधिकार त्यातून कोणालाच मिळत नाही. शिवाय जो माणूस दंतवैद्याच्या खुर्चीत बसला, त्याने प्रतिकाराचा मार्ग आधीच निवडला आहे. अर्ध्या वाटेवर येऊन मग मौन पाळण्यात तितिक्षाही नाही आणि उपचारही नाही.

दुसरा आडोसा प्रारब्धाचा. ‘भोग आहेत, भोगून संपवायचे’ हे वाक्य मराठी घरांत दुखण्याच्या उशाशी बसलेलंच असतं. चरकसंहितेच्या विमानस्थानात अग्निवेश आपल्या गुरूंना, आत्रेयांना, सरळ विचारतो, की आयुष्य आधीच ठरलेलं असतं का? आत्रेयांच्या उत्तराचा सारांश असा, की आयुष्य दैव आणि पुरुषकार, म्हणजे पूर्वीचं कर्म आणि आताचा प्रयत्न, या दोन्हींवर अवलंबून असतं. सगळंच ठरलेलं असतं, तर औषध, पथ्य, मंत्र यांच्या वाटेला कोणी गेलंच नसतं. कर्मसिद्धांत मानणाऱ्या परंपरेतच हे उत्तर दिलेलं आहे, हे महत्त्वाचं. कर्म मान्य करूनही वैद्याला तिथे पूर्ण जागा आहे.

युरोपातही हा प्रश्न दातानेच एका मोठ्या माणसापुढे उभा केला होता. १६५८ साली फ्रेंच गणिती आणि चिंतक ब्लेझ पास्काल एका रात्री दाढदुखीने तळमळत होता. झोप येईना, म्हणून त्याने सायक्लॉइड या वक्ररेषेचा विचार सुरू केला. फिरत्या चाकाच्या कडेवरचा एखादा बिंदू हवेत जी रेषा काढतो, ती ही रेषा. विचारात तो इतका बुडाला की ठणका थांबल्याचं नंतर लक्षात आलं. त्याच्या नातलगांनी ही हकिगत लिहून ठेवली आहे. गणित सोडून धर्माकडे वळलेल्या पास्कालला यात ईश्वरी संकेत दिसला, असं म्हणतात. त्यानंतर त्याने याच विषयावर युरोपभरच्या गणितींना आव्हान देणारी स्पर्धा जाहीर केली. पुढे त्याने आजारपणाचा योग्य उपयोग व्हावा म्हणून एक प्रार्थनाही लिहिली. पास्काल जन्मभर आजारी होता आणि ३९व्या वर्षी गेला. त्याच्या श्रद्धेला उथळ म्हणता येणार नाही. दुःखाचा काही उपयोग असू शकतो, हे त्याने जगून दाखवलं. मात्र त्याच्या या अनुभवातून दुखणं कसं वापरावं हे कळतं, ते का टिकून आहे हे कळत नाही. मन दुसरीकडे गेलं की कळ जाणवत नाही. नसेची सूज मात्र आपल्या गतीने वाढत राहते.

या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारा विचार बौद्ध वाङ्मयात आहे. संयुत्तनिकायातल्या सल्लसुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त येतो. देहाला वेदना झाली, हा पहिला बाण. ती झाली म्हणून शोक, संताप, कपाळ बडवणं, हा दुसरा. शहाण्यालाही पहिला बाण लागतो, दुसरा मात्र तो लागू देत नाही. भरलेल्या दाढेच्या बाबतीत दुसरा बाण चांगलाच ओळखीचा आहे. ‘डॉक्टरने चांगला दात बिघडवला’, ‘आता रूट कॅनाल करायला लावणार’, ‘उगाच गेलो’ असं मनाशी घोळत राहतं, आणि दोन सेकंदांची कळ दिवसभर पुरते.

महाराष्ट्रात या विचाराचं एक जितंजागतं केंद्र इगतपुरीला आहे. तिथे विपश्यना शिकवणारे सत्यनारायण गोएंका स्वतः मायग्रेनने हैराण होऊन १९५५ मध्ये रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले होते. फक्त डोकेदुखी घालवायला आला असशील तर ही विद्या त्यासाठी नाही, असं म्हणून गुरूंनी त्यांना आधी परत पाठवलं होतं, हे गोएंका स्वतः सांगत. वेदनेकडे पाहायला शिकणं आणि वेदनेवर औषध घेणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे त्या नकारातून स्पष्ट होतं.

पण बौद्ध परंपरा दुसऱ्या बाणापाशी थांबत नाही. विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने ग्रासलेला एक भिक्षू स्वतःच्याच घाणीत पडलेला होता आणि कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं. बुद्धांनी आपला शिष्य आनंद याच्यासोबत त्याला स्वतः धुतलं, उचलून अंथरुणावर ठेवलं आणि ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी, असं संघाला सांगितलं. त्यापुढे, कोणत्या आजाऱ्याची शुश्रूषा सोपी जाते, याची पाच लक्षणं येतात. तो पथ्याचं तेच करतो, प्रमाण ओळखतो, औषध घेतो. चौथं लक्षण असं, की दुखणं वाढत असेल तर वाढतंय, कमी होत असेल तर कमी होतंय, तसंच असेल तर तसंच आहे, हे तो शुश्रूषा करणाऱ्याला जसंच्या तसं सांगतो. आणि पाचवं असं, की तीव्र शारीरिक वेदना सोसण्याची त्याची ताकद असते.

सांगणं आणि सोसणं एकाच यादीत, एकाच माणसाच्या अंगी, एकापाठोपाठ.

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. त्यातल्या रोग्याचे चार गुण म्हणजे स्मृती, सांगितलेलं पाळणं, निर्भयपणा आणि आपला रोग नीट सांगता येणं. इथेही धीर आणि निवेदन जोडीनेच येतात. वैद्यक आणि धर्म या दोन वेगळ्या वाटांनी आलेले ग्रंथ रुग्णाकडून जवळजवळ एकच अपेक्षा करतात, तेव्हा ‘सोसावं की सांगावं’ हा वाद मुळातच चुकीचा मांडलेला आहे, असं मानायला जागा आहे. जो घाबरलेला नाही, तोच नीट सांगू शकतो. आणि ज्याने नीट सांगितलं, त्याला काय सोसायचं आणि किती दिवस सोसायचं हे कळतं. मग ते सोसणंही हलकं होतं.

नीट सांगायचं म्हणजे काय, हे दंतवैद्याच्या थंड चाचणीत बघायला मिळतं. कापसाचा छोटा बोळा गारेगार करून डॉक्टर आधी शेजारच्या धडधाकट दाताला लावतात, मग भरलेल्या दाढेला. ‘जाणवलं की हात वर करा, गेलं की खाली.’ हात वर जातो. डॉक्टर बोळा काढतात आणि सेकंद मोजत राहतात. उपचाराची दिशा पुष्कळशी त्या हातावर ठरते, कारण एक्स-रेमध्ये हाड दिसतं, कीड दिसते, भरलेलं सिमेंट दिसतं. कळ दिसत नाही.

दुसऱ्याची वेदना आपल्याला कळते कशी, हा तत्त्वज्ञानातला जुना पेच आहे. लुडविग विट्गेनश्टाइनने १९३०च्या दशकात केंब्रिजमध्ये शिकवताना यासाठी पुन्हापुन्हा दातदुखीचंच उदाहरण घेतलं. दुसऱ्याच्या दातातलं दुखणं मला होऊ शकेल का, असा विचित्र वाटणारा प्रश्न तो विद्यार्थ्यांपुढे ठेवायचा. वेदनेचे शब्द मूल शिकतं ते रडण्याच्या जागी, हा विचार त्याने पुढे मांडला. म्हणजे ‘दुखतंय’ हे आतल्या वस्तूचं वर्णन असण्याआधी ती एक हाक असते.

न्यायदर्शनात या पेचातून निघण्याची एक वाट सापडते. प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला नैयायिक शब्द हेही प्रमाण मानतात. ज्याने वस्तू स्वतः अनुभवली आहे आणि जशी अनुभवली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. त्याचं वचन प्रमाण. भाष्यकार वात्स्यायन तर म्हणतात, की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. मग दाढेतल्या कळेबाबत आप्त कोण? खुर्चीत बसलेला रुग्णच. डॉक्टरचं शिक्षण मोठं असेल, पण ती कळ अनुभवणारा जगात दुसरा कोणी नाही. चरकसंहितेतही काही गोष्टी रोग्याला विचारूनच जाणाव्यात असं स्पष्ट म्हटलं आहे, आणि सुख-दुःख त्यांत येतात. ‘एक्स-रेत तर काहीच नाही, तुम्हाला उगाच वाटतंय’ हे वाक्य म्हणूनच फक्त उद्धट नाही. ज्ञान मिळवण्याच्या रीतीतच ती चूक आहे.

आप्ताचं ओझं रुग्णावरही असतं. दोस्तोएव्हस्कीच्या ‘नोट्स फ्रॉम अंडरग्राउंड’मधला नायक दातदुखीच्या कण्हण्यातही एक विकृत आनंद असतो, असं सांगतो, सगळं घर जागं ठेवण्यासाठी माणूस कण्हतो. अशा कण्हण्यात दुखण्याची खबर नसते, सूड असतो. उलट, पैसे वाचवायचे म्हणून, ‘डॉक्टर रागावतील’ म्हणून किंवा ‘मला काही होत नाही’ या अभिमानापायी दुखणं लपवणं हीही आप्ताची कसूर आहे. फुगवलं तरी आणि झाकलं तरी डॉक्टरचा हात चुकीच्या ठिकाणी जातो. बायकांच्या बाबतीत झाकण्याचं प्रमाण जास्त, कारण सोसणं हा त्यांचा गुण म्हणून लहानपणापासून शिकवला जातो. एका बाजूने चावत महिनोन्‌महिने निभावणाऱ्या बाईचं कौतुक होतं. वास्तविक तिला कोणी विचारलंच नाही, याची घरादाराला लाज वाटायला हवी.

उपचारानंतरच्या त्रासाची काळजी घेण्याची जबाबदारी वैद्याची आहे, हे सुश्रुतसंहितेत फार नेमकेपणाने आलं आहे. दातांना थंड-गरम, स्पर्श सहन न होण्याच्या विकाराला तिथे दंतहर्ष म्हणतात, आणि दातांवर साचून कडक झालेल्या थराला दंतशर्करा. ही शर्करा दातांच्या मुळांना इजा न करता काढावी, मग लाखेचं चूर्ण मधात मिसळून चोळावं आणि त्यावर दंतहर्षाची चिकित्साही पूर्णपणे करावी, असा आदेश आहे. त्या चिकित्सेत कोमट स्नेहाच्या चुळा आहेत आणि दूध, साय, तूप असा मऊ आहार आहे. दात साफ केल्यावर ते शिवशिवणार, हे इथे गृहीत धरलं आहे. ते रुग्णाचं नशीब नाही की त्याचा नाजूकपणा नाही. तो उपचाराचाच पुढचा टप्पा आहे आणि त्याची तजवीज वैद्याने करायची आहे.

ज्याला सांगताच येत नाही, त्याचं काय? शब्द हेच प्रमाण म्हणून धरून बसलं तर तान्हं मूल, स्मृती गेलेली वृद्धा, बोलता न येणारा माणूस यांची वेदना नाकारली जाईल. ती खरोखर नाकारली गेलीही आहे. १९८०च्या दशकापर्यंत नवजात बाळांवर पुरेशा वेदनाशामकाशिवाय शस्त्रक्रिया होत असत. इंदूरला वैद्यक शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी सहकाऱ्यांसह १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वेदनाशामक मिळालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरावरचा ताण आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत कमी असल्याचं दाखवलं. त्या बाळांचं सांगणं रक्तातल्या संप्रेरकांतून वाचलं गेलं. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा तिला काही टिपा जोडल्या; त्यांपैकी दोन अशा: माणूस आपल्या अनुभवाला वेदना म्हणत असेल तर त्या म्हणण्याचा मान राखावा, आणि बोलून सांगता येत नाही म्हणून वेदना नाही असं मानू नये.

दंतवैद्यकात हे प्रत्यक्षात आणायला फार काही लागत नाही. दाढ भरून झाली की निघतानाच सांगावं, की थंड काही दिवस झोंबेल, ते जाईल. पण चावताना दुखलं, रात्री जाग आली किंवा गरमाने ठणका लागला तर वाट न पाहता यावं, आणि उंच जागा घासायचे पैसे लागणार नाहीत. आठवडाभराने एक फोन करावा. घरात जेवताना एखादी आजी घास एकाच बाजूला फिरवत असेल, तर ‘कुठल्या बाजूला दुखतंय?’ असं तिला विचारावं, आणि ती ‘काही नाही’ म्हणाली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावं.